पत्त्यात मुंब्रा लिहू की ठाणे?

काही दिवसांपूर्वी माझी एक जुनी विद्यार्थिनी नोकरीचा अर्ज दाखवायला घरी आली होती. पत्त्याच्या रकान्यापाशी तिचं पेन थांबलं. म्हणाली, "टीचर, मुंब्रा लिहू की नुसतं ठाणे? पिनकोड तर तोच राहील ना?"

मी तिला "मुंब्राच लिही" म्हटलं. पण ती गेल्यावर मला त्या प्रश्नाने सोडलं नाही. एखाद्या गावाचं नाव लिहायला तिथे वाढलेल्या मुलीला संकोच का वाटावा? याचं उत्तर घरांच्या इतिहासात आहे.

आपल्याकडे मुंब्र्याचा इतिहास १९९३ पासून सांगायची सवय आहे. प्रत्यक्षात तो बराच जुना आहे. १८५४ मध्ये रेल्वे ठाण्याहून कल्याणला पोहोचली, ती पारसिकच्या डोंगराला वळसा घालून, खाडीच्या काठाने, मुंब्र्यावरूनच. मुंब्रा-कौसा ही कोकणी मुसलमानांची आणि आगरी लोकांची गावं. वर डोंगरावर मुंब्रा देवीचं मंदिर, खाली मशिदी आणि दर्गे. १९१६ मध्ये पारसिकचा बोगदा झाला आणि जलद गाड्या डोंगराच्या पोटातून जाऊ लागल्या. पुढे कित्येक दशकं मुंब्रा धीम्या लोकलचंच स्टेशन राहिलं. घराच्या किमतीवर या एका गोष्टीचा किती परिणाम होतो, हे रोज लोकलने जाणाऱ्याला सांगायला नको. १ ऑक्टोबर १९८२ रोजी ठाणे महानगरपालिका झाली, तेव्हा ही गावं शहरात आली. कागदावर आली, असं म्हणणं जास्त बरोबर.

दुसरा धागा मुंबईतला आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. भाडेकरूंना आधार मिळाला, पण भाड्याने देण्यासाठी नवी घरं बांधणं मालकांना परवडेनासं झालं. मग पागडी आली. रोख रक्कम द्यायची, खोली ताब्यात घ्यायची आणि महिन्याला नाममात्र भाडं भरायचं. हा व्यवहार अनेक वर्षं कायद्याबाहेर चालला. १९९९ च्या नव्या कायद्याने त्याला मान्यता दिली. माझे अब्बा मदनपुऱ्यात अशाच पागडीच्या खोलीत वाढले. दहा बाय बाराची खोली, बाहेर सामाईक नळ आणि घरात नऊ माणसं. कुटुंब वाढलं तरी खोली वाढत नाही. म्हणून दंगल झाली नसती तरी आमच्यातलं कुणी ना कुणी उपनगरात गेलंच असतं. गिरणगावातली मराठी कुटुंबंही त्याच काळात डोंबिवली, बदलापूर, विरारकडे सरकत होती. मीरा रोडचा नयानगर हा भागही १९९३ च्या आधीच वसू लागला होता.

फरक इतकाच, की बाकीचे लोक बजेट बघून उपनगर निवडत होते. आमची निवड डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ ने केली.

श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार त्या दोन महिन्यांत ९०० माणसं मेली. त्यात ५७५ मुसलमान होती आणि २७५ हिंदू. मी तेव्हा सातवीत होते. त्यानंतर मुंब्रा पाहता पाहता बदललं. मिश्र वस्त्यांतल्या खोल्या लोकांनी मिळेल त्या भावात विकल्या आणि इथे मिळेल त्या भावात घेतल्या. बाजाराचा साधा नियम आहे. घाईने विकणाऱ्याला कमी मिळतं, घाईने घेणाऱ्याला जास्त मोजावे लागतात. आमच्या लोकांनी एकाच महिन्यात दोन्ही बाजूंनी तोटा सोसला. भीतीचा हिशेब कुठल्याच खरेदीखतात लिहिलेला नसतो.

मागणी अशी अंगावर आल्यावर बिल्डर गप्प बसत नाहीत. शेताचा तुकडा, नकाशाला मंजुरी नाही, भोगवटा प्रमाणपत्र नाही, आणि काही महिन्यांत पाच मजले उभे. इथे एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. ही घरं बांधणारे आणि विकणारे बरेचसे आपलेच होते. "आपल्या माणसात राहा" हे वाक्य त्यांनी जाहिरातीसारखं वापरलं. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्याजवळची लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ जीव गेले. वरचे मजले चढत होते तेव्हाच खाली लोक राहत होते. त्या प्रकरणात बिल्डरांबरोबर पालिकेच्या अधिकाऱ्यांनाही अटक झाली. म्हणजे डोळेझाक फुकट होत नव्हती.

कागद अपुरे असले की बँक कर्ज देत नाही. कागद पुरे असले तरी अडचण होतीच. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात नोंद आहे, की काही बँका ठरावीक भागांना 'नकारात्मक क्षेत्र' मानतात आणि तिथे कर्ज सहज मिळत नाही. त्यात व्याज नको म्हणणारेही आपल्यात आहेत. या सगळ्यातून 'हेवी डिपॉझिट'ची पद्धत फोफावली. मालकाला एकरकमी मोठी रक्कम द्यायची, भाडं नाममात्र किंवा शून्य, आणि घर सोडताना रक्कम परत. काही उलेमांनी यावरही आक्षेप घेतला आहे, कारण दिलेल्या कर्जावर मिळणारा फायदा व्याजासारखाच. पण पगारदाराला दुसरा रस्ता कुठला होता?

रस्ता शोधून पाहिला होता आम्ही. लग्नानंतर शाळेजवळच्या एका उपनगरात भाड्याने घर बघितलं. एजंटने फोनवर भाडं, डिपॉझिट, पाण्याची वेळ, सगळं सांगितलं. मग नाव विचारलं. क्षणभर थांबून म्हणाला, "मॅडम, सोसायटीचा प्रॉब्लेम आहे." आवाजात राग नव्हता, जरा ओशाळलाच होता बिचारा. खासगी मालकाने धर्म पाहून घर नाकारलं, तर दाद मागायला आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. २००५ मध्ये अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका समाजापुरतं ठेवण्याचा सोसायटीचा अधिकार मान्य केला. २०१६ च्या रेरा कायद्याने बिल्डरला ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायला लावले, ही मोठीच गोष्ट झाली. पण दारात विचारल्या जाणाऱ्या नावाबद्दल तो कायदा काही बोलत नाही.

तरीही मी मुंब्र्याकडे फक्त रडगाणं म्हणून बघत नाही. इथे शाळा, कॉलेजं उभी राहिली, लोकलच्या गर्दीत लोंबकळून गेलेल्या बापांच्या मुली डॉक्टर झाल्या. अजानचा आवाज, कोपऱ्यावरची हलाल मटणाची दुकानं, रात्री अकरालाही बायकांनी गजबजलेला बाजार, हे सगळं मला हवंहवंसं वाटतं. आपल्या माणसांत राहावंसं वाटणं हा गुन्हा नाही. ब्राह्मण, जैन, गुजराती, पारशी सगळे राहतात. प्रश्न एवढाच आहे, की दुसरीकडे राहायची मुभा असताना आपण इथे राहतो का? ती मुभा नसेल तर त्याला निवड म्हणता येत नाही.

म्हणून आपल्याला दोन्हीकडे भांडावं लागेल. बाहेर, नाव ऐकून बंद होणाऱ्या दारांशी. आणि आत, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय बुकिंगचा एक रुपयाही न देता, मग बिल्डर आपल्या सफेत शेजारी उभा राहून नमाज पढणारा का असेना.

त्या मुलीने अर्जात 'कौसा, मुंब्रा, जि. ठाणे' असं लिहिलं. अक्षर सुंदर आहे तिचं. नोकरीचं काय होतं, ते कळेलच.