पेपरमिंटचा वास

मी शिक्षक झालो तेव्हा समुपदेशन हा शब्द आमच्या शाळेत कुणाच्या तोंडी नव्हता. उपदेश मात्र भरपूर होता, आणि त्यातला बराचसा माझा असायचा.

१९८७ सालची गोष्ट. ब्राउन शुगर, म्हणजे सगळे ज्याला 'गर्द' म्हणत, ती पुण्यात चांगलीच पसरली होती. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी येरवड्याला 'मुक्तांगण' सुरू केलं ते १९८६ मध्ये, पण मला तेव्हा त्याची नीटशी माहिती नव्हती. माझा एक जुना विद्यार्थी, अक्षर अगदी मोत्यासारखं, कॉलेजात गेल्यावर गर्दच्या नादी लागला. वडिलांनी त्याला कोकणात मामाकडे नेऊन ठेवलं. तिथं आठ दिवस त्यानं 'टर्की' सोसली. टर्की म्हणजे नशा बंद केल्यावर होणारा त्रास : हातपाय तुटून येतात, नाक-डोळे वाहतात, उलट्या होतात, झोप उडते. त्यानंतर मात्र चार महिने तो व्यवस्थित राहिला. कलमांना पाणी घालायचा, मला पत्रं लिहायचा. मला वाटलं, सुटला! मी त्याला कळवलं, "मन खंबीर आहे तुझं. आता परत ये आणि परीक्षेचा फॉर्म भर." तो आला.

पुढचं लिहीत नाही. त्याची बहीण हा ब्लॉग वाचते.

चार महिने ज्याला आठवणसुद्धा झाली नाही (असं त्यानंच लिहिलं होतं) तो परत आल्यावर चार दिवसांत कसा घसरला, हे मला कळत नव्हतं. निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला, तेव्हा समजलं की हा प्रश्न माझ्या जन्माच्याही आधी अमेरिकेतल्या डॉक्टरांना पडला होता.

केंटकी राज्यात लेक्सिंग्टनला १९३५ साली सरकारनं व्यसनी लोकांसाठी एक मोठी संस्था काढली. निम्मी तुरुंग, निम्मी इस्पितळ. लोक तिला 'नार्कोटिक फार्म' म्हणत, कारण तिथं खरोखरच शेती होती, गाईगुरं होती. मोकळी हवा, कष्ट, नियमित जेवण. थोडक्यात, मामाचं गाव! माणसं तिथं ठणठणीत होत आणि आपल्या शहरात परतली की बहुतेक जण पुन्हा हेरॉइन घेत.

तिथल्या एब्राहम विक्लर नावाच्या मानसोपचारतज्ज्ञानं १९४०च्या दशकात एक गोष्ट टिपली. नशा सुटून महिने झालेली माणसं गटात बसून नशेविषयी बोलू लागली की त्यांना जांभया येत, नाक-डोळे वाहू लागत. म्हणजे टर्कीच, पण नुसत्या बोलण्यानं! विक्लरचं म्हणणं पडलं की हा मनाचा नेभळटपणा नव्हे, शरीर धडा शिकलंय. पावलोव्हचा कुत्रा घंटा ऐकून लाळ गाळायचा, तसं.

त्याचा पडताळा फिलाडेल्फियात चार्ल्स ओब्रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला, १९७७ मध्ये. मेथाडोनच्या उपचारावर असलेल्या काही जणांना त्यांनी, अर्थात संमतीनं, थोडी टर्की आणणारं इंजेक्शन दिलं आणि दर वेळी सोबत पेपरमिंटचा वास आणि एक आवाज. काही दिवसांनी औषधाऐवजी नुसतं मिठाचं पाणी टोचलं, वास आणि आवाज तोच. तरी डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. हे वाचलं त्या दिवशी मी पुस्तक मिटून बराच वेळ गॅलरीत बसलो होतो.

व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांची कथा याच्या उलट बाजूची. १९७१ मध्ये तिथल्या दर पाच अमेरिकन सैनिकांमागे एक जण हेरॉइन-अफूच्या विळख्यात होता. सगळे घाबरले. पण ली रॉबिन्स या बाईंनी पाठपुरावा केला तेव्हा दिसलं की घरी आल्यावर पहिल्या वर्षात त्यांतले शंभरातले जेमतेम पाच पुन्हा अडकले. एकटं हेच कारण नसेल, पण जिथं ते घेत ती जागाच मागे राहिली होती.

मेथाडोनबद्दल थोडं सांगायला हवं. न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मारी निसवांडर यांनी १९६४ च्या सुमारास हे औषध रोज ठरावीक मात्रेत द्यायला सुरुवात केली. त्यानं टर्की येत नाही, तलफ दबते. मग बोलायचं कशाला? तर १९९३ मध्ये मॅक्लेलन यांनी, पुन्हा फिलाडेल्फियातच, ९२ माजी सैनिकांचे तीन गट केले. मेथाडोन सगळ्यांना. एका गटाला तेवढंच, दुसऱ्याला समुपदेशन, तिसऱ्याला त्याशिवाय नोकरी, कुटुंब यांसाठीही मदत. नुसत्या औषधावरच्या गटातल्या दोनतृतीयांश लोकांना मध्येच अधिक मदतीच्या उपचारात हलवावं लागलं. समुपदेशनाचे दोन्ही गट बरे राहिले, तिसरा सर्वांत जास्त. पण म्हणून समुपदेशक नाही या सबबीवर औषध अडवून ठेवायचं, हेही चूकच. नुसतं औषधसुद्धा रांगेत ताटकळण्यापेक्षा बरं, हे पुढे बाल्टिमोरमध्ये दिसून आलं.

आणि ते समुपदेशन तरी काय असतं? मला वाटायचं, गोड शब्दांतला उपदेशच. तसं नसतं. पगार कोणत्या तारखेला होतो? त्या दिवशी पैसे कुणाच्या हातात द्यायचे? घरी कोणत्या रस्त्यानं जातोस? तो मित्र भेटला तर काय म्हणशील, आत्ता म्हणून दाखव. आणि सर्वांत महत्त्वाचं, मध्ये खंड पडल्यावर शरीराची सवय मोडलेली असते, पूर्वीएवढी मात्रा घेतलीस तर जीव जाईल, हे स्पष्ट सांगणं.

त्याच्या घरापासून कॉलेजला जायला एक पूल लागायचा. ती मुलं त्याच पुलाखाली बसत, हे मला ठाऊक होतं. माझ्या पत्रात पुलाचा उल्लेखही नव्हता. फॉर्मची शेवटची तारीख मात्र मी दोनदा अधोरेखित केली होती.