लहान विमानांचे अपघात (इंजिन बंद पडल्याने होणारे)

खासगी वापराच्या लहान विमानांचे, विशेषतः एकाच पिस्टन-इंजिनावर चालणाऱ्या विमानांचे, इंजिन उड्डाणात मंदावल्याने किंवा थांबल्याने होणारे अपघात. इंजिन थांबले की विमान दगडासारखे कोसळते, हा समज चुकीचा आहे. सेसना १७२ हे विमान योग्य वेग राखला, तर १ किमी. उंचीवरून सुमारे ९ किमी. तरंगत जाऊ शकते.

कारणांत इंधनाचा वाटा मोठा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या पाहणीनुसार २०११–१५ या काळात इंधनाच्या हाताळणीतील चुकांमुळे तेथे दरवर्षी सरासरी ५० हून अधिक अपघात झाले. बहुतेकांत चूक वैमानिकाची होती. टाकी कोरडी पडते, किंवा दुसऱ्या टाकीत इंधन असूनही झडप रिकाम्या टाकीवरच राहते. कार्ब्युरेटरमधील बर्फ हे फसवे कारण. इंधनाच्या बाष्पीभवनाने आतील तापमान इतके उतरते, की बाहेर २०° से. असतानाही दमट हवेत बर्फ धरतो. त्यावर गरम हवा आत सोडण्याची सोय असते. ती वेळेवर वापरावी लागते. प्रज्वलनासाठी मात्र दोन स्वतंत्र मॅग्नेटो असल्याने एक बिघडला तरी इंजिन चालू राहते.

इंजिन थांबल्यानंतर विमानावरचा ताबा सुटणे अधिक घातक ठरते. गायक जॉन डेन्व्हर यांचा अपघात (१२ ऑक्टोबर १९९७, मॉन्टेरे उपसागर, कॅलिफोर्निया) याचे बोलके उदाहरण आहे. त्यांचे ‘लाँग-ईझेड’ हे हौशी बांधणीचे विमान होते. मूळ आराखड्यात वैमानिकाच्या पायांजवळ असलेली इंधनाची झडप बांधणाऱ्याने वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवली होती. ती फिरवायला जड होती, इंधनमापकेही मागच्या बाजूस होती. तरीही उड्डाणापूर्वी इंधन भरले गेले नाही. झडपेकडे वळताना सुकाणूच्या उजव्या पेडलवर नकळत पाय दाबला गेला आणि विमान समुद्रात कोसळले, असा निष्कर्ष चौकशीत निघाला.

उड्डाणानंतर लगेच इंजिन थांबल्यास धावपट्टीकडे परत वळण्याचा मोह होतो. तीव्र वळणात पंखांची उचल एरवीपेक्षा जास्त वेगावरच तुटते आणि सावरण्याइतकी उंची उरलेली नसते. म्हणून समोरच्या पट्ट्यातच जागा शोधावी, असे शिकवले जाते. अभिनेते हॅरिसन फोर्ड यांच्या १९४२ च्या रायन पीटी-२२ विमानाचे इंजिन ५ मार्च २०१५ रोजी सांता मोनिका येथे असेच उड्डाणानंतर मंदावले. विमानतळावर परतणे शक्य नाही हे पाहून त्यांनी जवळच्या गोल्फ मैदानावर विमान उतरवले. कार्ब्युरेटरमधील इंधन मोजून सोडणारा भाग सैल झाल्याने मिश्रणात इंधनाचे प्रमाण फार वाढले होते. फोर्ड गंभीर जखमी झाले, पण वाचले. खांद्याचा पट्टा नीट बसवलेला नसल्याने त्यांच्या जखमा वाढल्या, असेही चौकशीत आढळले.