सिनेमातला शेतकरी आणि बाबूराव पेंटर

विदर्भातल्या माणसाला सावकाराची ओळख करून द्यावी लागत नाही. कापूस घरात येण्याआधीच तो वहीत जमा झालेला आपल्या आज्या-पणज्यांनी पाहिला आहे. हे दुःख मूकपटाच्या काळात पडद्यावर आणलं, ते कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी. साल होतं १९२५, आणि चित्रपट ‘सावकारी पाश’.

बाबूरावांचं मूळ आडनाव मेस्त्री. जन्म ३ जून १८९० चा. ते आणि त्यांचे नात्यातले आनंदराव हे नाटकांचे पडदे रंगवीत. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला आणि दोघांना सिनेमाचा ध्यास लागला. कॅमेरा कुठून आणायचा? त्यांनी ठरवलं, आपणच बनवायचा! १९१६ मध्ये आनंदराव गेले, पण बाबूरावांनी काम सोडलं नाही. घरच्या कॅमेऱ्यानं, महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या नावानं, १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटात तारामती पुरुषानं केली होती; इथे स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या.

पौराणिक चित्रपटांनी नाव मिळत असताना हा माणूस शेतकऱ्याच्या कथेकडे वळला. जमीन सावकाराच्या घशात जाते आणि शेतकरी गाव सोडून गिरणीत मजूर होतो, एवढीच ती गोष्ट. शेतकरी झाले होते तरुण व्ही. शांताराम. संवाद ऐकू येत नसताना हे सारं चेहऱ्यावरून आणि झोपडीच्या अंधारातून सांगायचं होतं. प्रेक्षकांची ओढ मात्र देवादिकांकडेच राहिली. बाबूरावही ‘मुरलीवाला’सारख्या विषयांकडे परतले.

१९२९ मध्ये शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर बाहेर पडले आणि ‘प्रभात’ उभी राहिली. शिष्य पुढे गेले, गुरू मागे पडले, असं आपण सहज म्हणतो. पण १९३६ साली बाबूरावांनी कोणता विषय बोलपटात पुन्हा केला, ठाऊक आहे? ‘सावकारी पाश’च! अकरा वर्षं तो शेतकरी त्यांच्या मनातून गेला नव्हता.

१६ जानेवारी १९५४ रोजी बाबूराव गेले. मूळ मूकपट आज पाहायला मिळत नाही. फिल्म नाशवंतच, पण राजवाड्याचे पडदे रंगवणाऱ्या हातांनी कर्जदाराची झोपडीही कॅमेऱ्यापुढे उभी केली, हे आपण विसरू नये, एवढंच सांगायचं.