अंमल आणि जाबता

महाराष्ट्राने १९८१मध्ये केलेल्या एका कायद्याला पोलीस 'एमपीडीए' म्हणतात आणि वर्तमानपत्रे 'झोपडपट्टी दादा कायदा'. त्याचे पूर्ण नाव एका दमात वाचणे कठीण आहे. झोपडपट्टी गुंड, हातभट्टीवाले आणि औषधिद्रव्यविषयक गुन्हेगार हे त्यातले पहिले मानकरी. नंतर धोकादायक व्यक्ती आल्या. २००९च्या दुरुस्तीने 'व्हिडिओ पायरेट्स' आले आणि पुढे वाळू तस्कर व काळाबाजार करणारेही आले. अशा रीतीने गांजा विकणारा आणि सिनेमाच्या चोरट्या सीडी विकणारा एकाच कायद्याच्या शीर्षकात शेजारी येऊन बसले. एकाच्या मागे १९८५चा एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थविरोधी कायदा आहे, दुसऱ्याच्या मागे १९५७चा कॉपीराइट कायदा. पण दोघांनाही खटल्याशिवाय बारा महिन्यांपर्यंत स्थानबद्ध करता येते.

या दोन कायद्यांच्या बातम्यांतले शब्द एकत्र ठेवले, की फार जुनी नाती उघडी पडतात. छापा, जप्ती, मुद्देमाल, पंचनामा, अंमलबजावणी हे शब्द आपण इतक्या सवयीने वाचतो, की त्यांच्या पोटात काय आहे हे तपासायचे राहून जाते. ते तपासायला हवे, कारण सरकारी सत्तेला बांधून ठेवणाऱ्या अटी याच शब्दांत आहेत.

आधी 'अंमल' घेऊ. मूळ अरबी 'अमल' म्हणजे काम, कृती. सरकारी काम पाहणारा तो आमिल. 'मामला', 'मामलत' आणि आपला मामलेदार याच धातूतून आले, 'इस्तेमाल'ही त्यातलाच. मराठीत अमलावर अनुस्वार चढला आणि त्याचा अर्थ सत्ता असा झाला: पेशव्यांचा अंमल, इंग्रजी अंमल. पण कृतीला परिणाम असतो, आणि परिणामाच्या बाजूनेही हा शब्द वाढला. औषधाचा अंमल, भांगेचा अंमल, आणि त्यावरून नशा आणणारे ते अंमली पदार्थ. राजस्थानात 'अमल' म्हणजे थेट अफू, आणि पाहुण्यापुढे अमल धरण्याची रीत तिथे जुनी आहे. 'बजावणी' फारसीतून आली. 'बजा आवर्दन' म्हणजे जागेवर आणणे, पार पाडणे. कर्तव्य बजावणे, नोटीस बजावणे, मतदानाचा हक्क बजावणे ही सगळी तिची मराठी रूपे. म्हणजे 'अंमली पदार्थविरोधी कायद्याची अंमलबजावणी' असे आपण लिहितो, तेव्हा एकाच वाक्यात तोच शब्द दोनदा येतो, एकदा गुन्ह्याच्या बाजूने आणि एकदा सरकारच्या बाजूने. पोलीस ठाण्यात अशा गुन्ह्याची नोंद घेणारा असतो ठाणे अंमलदार.

हा योगायोग मला महत्त्वाचा वाटतो. माणसावर पदार्थाचा अंमल असतो, तसा राज्याचाही असतो. कोणाचाही अंमल चढला की त्याला आवर लागतो, हे या शब्दाच्या दोन अर्थांनी शिकावे.

'दारू'ची गोष्टही अशीच खोल आहे. फारसीत 'दारू' म्हणजे औषध. 'दवादारू' या आपल्या जोडशब्दात तो अर्थ शाबूत आहे. मराठीत दारू बंदुकीतही गेली आणि दारूगोळा झाली. बाटलीत गेली ती मद्य झाली. कायद्यालाही हे अर्थ वेगळे करताना कष्ट पडले. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याने मादक द्रवांची व्याख्या इतकी रुंद केली, की अल्कोहोल असलेली औषधे आणि प्रसाधनेही तिच्यात आली. १९५१मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दारूबंदीचे मूळ धोरण राखले, पण औषधे आणि प्रसाधनांपुरती ती बंदी रद्द केली. कोशात जे दोन अर्थ एका शब्दात राहत होते, त्यांच्यामध्ये न्यायालयाला रेघ ओढावी लागली. आजही महाराष्ट्रात मद्य पिण्याचा परवाना आरोग्याच्या जतनासाठी म्हणून दिला जातो. एनडीपीएस कायद्याच्या अधिकृत मराठी नावातही 'औषधिद्रव्ये' आहेत, 'गुंगीकारक' हे विशेषण लावलेली. वेदना शमवणारे मॉर्फिन आणि व्यसन लावणारे हेरॉइन एकाच अफूतून निघतात, त्यामुळे भाषेतली ही गुंतागुंत वस्तूतच आहे. 'अफू'चा उगम ग्रीक 'ओपिऑन'मध्ये, वाट अरबी-फारसी 'अफयून'ची. संस्कृतातले 'अहिफेन', सापाचा फेस, हे त्याच परक्या शब्दाला चढवलेले देशी रूप.

आता 'छापा'. १६६३च्या एप्रिलमध्ये शिवाजी महाराजांनी लाल महालात शिरून शाइस्तेखानावर घातला तो छापा, आणि आज एखाद्या गोदामावर पोलीस घालतात तोही छापा. पण छाप म्हणजे दाबून उठवलेली खूणही. त्यावरून छापणे आणि छापखाना. कॉपीराइटचा सगळा कायदा छापण्यातून जन्मला. मुद्रणयंत्राने हजारो प्रती स्वस्तात काढता येऊ लागल्या, तेव्हा १७१०मध्ये इंग्लंडमध्ये लेखकाला ठरावीक मुदतीचा हक्क देणारा कायदा झाला. कंपनी सरकारच्या अमलात १८४७मध्ये तशा स्वरूपाचा कायदा इकडे आला. परवानगीशिवाय छापले म्हणून छापा पडतो: इथेही गुन्हा आणि कारवाई यांना एकच शब्द पुरतो.

रात्री अचानक जाणे हे छाप्याचे बळ. लढाईत ते शोभते. स्वतःच्याच नागरिकाच्या घरात शिरताना मात्र कायदा त्या बळाला लगाम घालतो. एनडीपीएसच्या कलम ४२प्रमाणे सूर्यास्तानंतर वॉरंट नसताना झडती घ्यायची, तर वॉरंट आणेपर्यंत पुरावा नाहीसा होईल असे का वाटते, याची कारणे अधिकाऱ्याला आधी लिहून ठेवावी लागतात. कलम ५०प्रमाणे अंगझडतीआधी त्या माणसाला सांगावे लागते, की राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती मागण्याचा तुला अधिकार आहे. १९९९च्या बलदेव सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की हे सांगितले नसेल तर अशा अंगझडतीत सापडलेल्या मालावर शिक्षा उभी राहत नाही.

या अटींना 'तांत्रिक मुद्दे' म्हणून हिणवण्याची सवय लागली आहे. 'तांत्रिक मुद्द्यावर आरोपी सुटला' असे मथळे येतात. अशा वेळी 'जप्त' या शब्दाचे मूळ पाहावे. अरबी 'ज़ब्त' म्हणजे घट्ट धरणे, काबूत ठेवणे. अकबराच्या काळी जमीन मोजून सारा ठरवण्याच्या पद्धतीचे नाव याच शब्दावरून पडले होते. त्याच धातूचा दुसरा शब्द 'ज़ाबिता', म्हणजे ठरवून दिलेली रीत, नियम. मराठीत तो 'जाबता' झाला. शिवराज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांची कामे नेमून देणाऱ्या कागदाचे नाव 'कानूजाबता' आहे. राजा छत्रपती झाला तेव्हाच प्रत्येक प्रधानाने काय करायचे, हे लिहून बांधले गेले. जप्ती आणि जाबता ही एका घरची भावंडे. जाबता म्हणजे सत्तेने स्वतःला घट्ट धरणे आणि जप्ती म्हणजे तिने दुसऱ्याचे धरणे. पहिले न करता दुसरे करण्याचा अधिकार कोणालाच नाही. म्हणून मला कलम ५० हे जप्तीच्या व्याख्येचाच भाग वाटते.

जप्तीनंतर येतो 'मुद्देमाल'. 'मुद्दा' म्हणजे ज्याविषयी दावा आहे ते. दावा करणारा तो मुद्दई. मुद्देमाल म्हणजे ज्या मालावर आरोप उभा आहे तो माल. 'वीस लाखांचा मुद्देमाल हस्तगत' अशी बातमी वाचून आपल्याला वाटते, की गुन्हा सिद्ध झाला. शब्द मात्र एवढेच सांगतो, की दावा झाला आहे. पोत्यातला पाला गांजाच आहे का, किती आहे, हे अजून ठरायचे असते, आणि त्यावर माणसाचे आयुष्य टांगलेले असते. गांजा एक किलोपेक्षा कमी असेल तर तो 'अल्प प्रमाण', वीस किलोपेक्षा अधिक असेल तर 'व्यापारी प्रमाण'. व्यापारी प्रमाणाला किमान दहा वर्षे सक्तमजुरी आणि जामिनाची वाट जवळजवळ बंद. गांजाच्या व्याख्येत झाडाचे फुलोरे-शेंडे येतात. शेंड्यांशिवायची पाने आणि बिया येत नाहीत. म्हणून पंचांसमोर वजन कसे केले, नमुना कुठून घेतला, मोहोर कोणी लावली, याला इतके मोल आहे.

'पंचनामा' हा शब्द तर देशी आणि फारसी यांचा सुंदर संयोग आहे. पंच आपले, गावच्या निवाड्याला बसणारे. 'नामा' फारसी, म्हणजे लेख. सरकारने काय पाहिले आणि काय उचलले, हे गावातल्या त्रयस्थ माणसांनी पाहून सही करायची, अशी ही कल्पना. तिच्यात लोकशाहीचा मोठा अर्थ आहे. पण ठरलेले पंच नेहमीच्या कागदावर सह्या करू लागले, तर नामा उरतो आणि पंच नाहीसे होतात. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ने झडती-जप्तीचे दृक्-श्राव्य चित्रण बंधनकारक केले. कॅमेरा जागा असेल तर पंचाची साक्ष बळकट होईल. पण समोर उभ्या माणसाची जबाबदारी कॅमेऱ्यावर ढकलता येणार नाही.

कॉपीराइटकडे वळू. शासकीय मराठीत 'प्रताधिकार', बोलण्यात 'स्वामित्वहक्क', आणि पुस्तकाच्या पहिल्या पानांवर 'सर्व हक्क स्वाधीन'. 'हक्क' अरबी, मूळ अर्थ सत्य, जे खरोखर ज्याचे आहे ते. वर्षानुवर्षे राबून लिहिलेल्या पुस्तकाची चोरटी आवृत्ती पदपथावर निम्म्या किमतीत विकली जाते, तेव्हा लेखकाचे जे खरोखर आहे ते बुडते. मराठीतला लेखक आणि छोटा प्रकाशक हा तोटा सोसू शकत नाहीत. कायद्याने त्यांच्या पाठीशी उभे राहिलेच पाहिजे. कलम ६४प्रमाणे पोलीस उपनिरीक्षक, म्हणजे आपला फौजदार, वॉरंटशिवाय चोरट्या प्रती जप्त करू शकतो. कलम ६३ची शिक्षा सहा महिने ते तीन वर्षे. मे २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. 'दखल' म्हणजे मुळात आत शिरणे, 'दाखल' त्याच धातूचा. दखलपात्र म्हणजे पोलिसाने न्यायालयाच्या आधी आत शिरावे असा गुन्हा.

आणि 'हक्का'चे दुसरे टोक आहे 'नाहक'. ज्याला सत्याचा आधार नाही ते नाहक. कायदा स्वतःच कलम ५२मध्ये अभ्यास, संशोधन, समीक्षा, अध्यापन यांना मोकळी वाट देतो. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या फोटोकॉपी दुकानावर बड्या प्रकाशन संस्थांनी दावा लावला, तेव्हा २०१६मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या अभ्यास-संचांना याच कलमाचा आधार दिला. असे प्रश्न अंगावर वर्दी असलेल्या माणसाने दुकानाच्या दारात उभे राहून सोडवायचे नसतात. प्रत चोरटी की रास्त, हे ठरण्याआधीच अटक झाली, तर लेखकाच्या हक्कासाठी दुसऱ्या कोणाला नाहक भोगावे लागते.

'पायरेट' या शब्दाचा इतिहास महाराष्ट्राने विसरू नये. इंग्रजीत तो १७व्या शतकात समुद्रावरून छापखान्यात उतरला. इकडे कोकणच्या किनाऱ्यावर इंग्रज कान्होजी आंग्र्यांना पायरेट म्हणत होते. ते मराठी आरमाराचे सरखेल होते आणि दस्तक, म्हणजे परवाना, न घेता जाणारी जहाजे राज्याच्या अधिकाराने धरत होते. चाचा कोण आणि सरखेल कोण, हे पाण्यावर अंमल कोणाचा मानायचा यावर ठरत होते. नाव ठेवणे हीच सत्तेची पहिली कारवाई असते.

एमपीडीए कायद्याचे शीर्षक म्हणूनच मला खटकते. ती कृत्यांची यादी नाही, माणसांची आहे: हातभट्टीवाले, गुन्हेगार, पायरेट्स. फारसी 'गुनाह'मध्ये पाप आणि अपराध दोन्ही येतात. 'गुनाहगार' म्हणजे पापी. मराठीने पाप देवाघरी ठेवून गुन्हा न्यायालयाकडे सोपवला, हा आपल्या भाषेचा शहाणपणा. पण 'औषधिद्रव्यविषयक गुन्हेगार' या व्याख्येत बसण्यासाठी दोष सिद्ध होण्याची अट नाही. खटल्याच्या आधी नाव लागते आणि नावामागून स्थानबद्धता येते.

मेफेड्रोनचा धंदा करून कोवळी मुले नासवणाऱ्यांविषयी किंवा लेखकाची मिळकत लुटणाऱ्यांविषयी मला तीळभर सहानुभूती नाही. त्यांना शिक्षा व्हावी, आणि ती न्यायालयात टिकावी. ती टिकते जाबत्यावर. म्हणून बातमी लिहिणाऱ्यांनी दोष सिद्ध होईपर्यंत 'आरोपी' लिहावे, 'गुन्हेगार' नव्हे. जप्ती झाली असे लिहिताना पंच कोण होते आणि नमुना कोणासमोर घेतला, हेही विचारावे. आणि कायदे करणाऱ्यांनी एखाद्या नावाला नवी जोड देण्यापूर्वी अंमल या शब्दाचे दोन्ही अर्थ आठवावेत.