कावीळ : खानदेशाच्या संदर्भात

कावीळ : रक्तातील पित्तारुण (बिलिरुबीन) या रंगद्रव्याचे प्रमाण वाढल्यामुळे त्वचा, डोळ्यांतील श्वेतपटल व श्लेष्मकला यांना येणारा पिवळेपणा. कावीळ हा स्वतंत्र रोग नसून अनेक भिन्न रोगांचे ते एक समान लक्षण आहे. ही गोष्ट वैद्यकाला क्रमाक्रमाने उमगत गेली. खानदेशात, म्हणजे आजच्या जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांच्या प्रदेशात, या लक्षणाची अनेक कारणे शेजारीशेजारी नांदत आली असल्याने तेथील काविळीचा इतिहास विशेष उद्बोधक ठरतो.

रक्तातील तांबड्या कोशिकांचे आयुष्य सु. १२० दिवसांचे असते. त्या नष्ट झाल्यावर त्यांतील हीमोग्लोबिनापासून पित्तारुण तयार होते, यकृत त्यावर प्रक्रिया करते आणि ते पित्तावाटे आतड्यात सोडले जाते. साहजिकच कावीळ तीन मार्गांनी उद्‌भवते : तांबड्या कोशिकांचा अतिरिक्त नाश, यकृताच्या कोशिकांना इजा आणि पित्तमार्गातील अडथळा. निरोगी प्रौढाच्या १०० मिलि. रक्तद्रवात पित्तारुण सर्वसाधारणपणे १ मिग्रॅ.पर्यंत असते. ते २ ते ३ मिग्रॅ.च्या पुढे गेल्यावर पिवळेपणा नजरेस येतो. सावळ्या वर्णावर तो लवकर ओळखू येत नाही, म्हणून श्वेतपटल पाहावे लागते व तेही दिवसाच्या उजेडात. दिव्याच्या पिवळसर प्रकाशात सौम्य कावीळ सहज निसटते.

त्वचेचा प्रत्येक पिवळेपणा म्हणजे कावीळ नव्हे. गाजर, पपई, लाल भोपळा यांसारखे पदार्थ दीर्घकाळ व फार प्रमाणात खाल्ल्यास त्यांतील कॅरोटीन त्वचेत साठून तळहात व तळपाय पिवळे दिसतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हिवतापावर सैनिकांना दिल्या गेलेल्या मेपाक्रीन या औषधानेही त्वचा पिवळी होत असे. कॅरोटीनाने येणाऱ्या पिवळेपणात, तसेच लग्नातील हळदीच्या रंगात, श्वेतपटल पांढरेच राहते. तीव्र पांडुरोगात त्वचा फिकट पिवळसर दिसते. परंतु त्याची तपासणी निराळी असते.

प्राचीन कल्पना : अथर्ववेदाच्या पहिल्या कांडातील एका सूक्तात रोग्याच्या अंगचा पिवळेपणा पोपटादी पक्ष्यांकडे जावा अशी प्रार्थना आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पांडुरोगाच्या अध्यायातच कामलेचे, म्हणजे काविळीचे, वर्णन येते. रक्ताचा ऱ्हास आणि कावीळ यांचा संबंध तेथे गृहीत धरलेला आहे. कामलेच्या एका प्रकारात मळ तिळाच्या पिठासारखा पांढुरका होतो व त्याचे कारण पित्ताचा मार्ग रोधला जाणे हे होय, असे निरीक्षणही त्यात आढळते. पित्तमार्गातील अडथळ्याचे ते खरे लक्षण आहे. पुढे लोकव्यवहारात मात्र हे भेद मागे पडले आणि सर्व प्रकारांना एकच नाव व एकच उपचार लागू झाला.

हिवताप : १८१८ मध्ये खानदेश इंग्रजी अमलाखाली आला. १८२५ मध्ये जेम्स औट्रम याने भिल्ल पलटण उभारली, तिचा संबंध धरणगावाशी होता. सातपुड्याचा पायथा आणि नवापूरच्या बाजूचा पश्चिम भाग बाहेरून येणाऱ्यांना तापाच्या दृष्टीने घातक समजला जाई. १८८० मध्ये मुंबई गॅझेटियरचा खानदेशावरील खंड प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी लाव्हरां यांना अल्जीरियात हिवतापाचा परजीवी दिसला, आणि १८९७ मध्ये रॉनल्ड रॉस यांनी सिकंदराबाद येथे त्याचा डासाशी असलेला संबंध दाखविला. हा परजीवी तांबड्या कोशिकांत वाढून त्या फोडतो. तीव्र प्रकारात यकृत व मूत्रपिंडेही बाधित होतात. त्यामुळे थंडी वाजून येणारा ताप आणि पिवळे डोळे ही जोडी या भागात पूर्वापार परिचित होती. १९५३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रमामुळे रोग पुष्कळ हटला. पण १९७० नंतरच्या दशकात तो देशात पुन्हा उसळला. हिवतापावरील प्रायमाक्वीन हे औषधदेखील जी-सिक्स-पीडी या एंझाइमाची जन्मजात उणीव असलेल्यांच्या तांबड्या कोशिका नष्ट करून कावीळ निर्माण करू शकते.

आनुवंशिक कारण : हिवतापाच्या दीर्घ सहवासाने मागे ठेवलेले एक कारण रक्तातच आहे. शिकागो येथे हेरिक यांनी १९१० मध्ये विळ्याच्या आकाराच्या तांबड्या कोशिकांचे वर्णन प्रसिद्ध केले. हा दोष हीमोग्लोबिनाच्या रेणूत आहे हे पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखविले, आणि अशा दोषाचा एकच जनुक असणाऱ्या वाहकांना हिवतापापासून काही संरक्षण मिळते हे ॲलिसन यांनी १९५४ मध्ये मांडले. भारतात हा दोष १९५२ मध्ये प्रथम निलगिरीतील आदिवासींत आढळला. त्यानंतर विदर्भातील व सातपुड्यातील अनेक समाजांत, भिल्ल व पावरा यांच्यातही, त्याचे अस्तित्व दिसून आले.

सिकलसेल या नावाने सर्वपरिचित झालेल्या या दात्रकोशिका पांडुरोगात कोशिका अल्पायुषी असतात. त्यामुळे रुग्णाचे डोळे वारंवार पिवळसर होतात, हाडे व सांधे यांत तीव्र वेदना उठतात आणि लहान वयातच पित्ताशयात खडे होऊ शकतात. वाहकांना सहसा कावीळ होत नाही; परंतु आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणात अपत्याला रोग होण्याची शक्यता चारात एक असते. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, साक्री या तालुक्यांतील आदिवासी वस्तीत जे मूल ‘दर वर्षी काविळीने आजारी पडते’, त्याची रक्ततपासणी म्हणूनच आवश्यक ठरते. १ जुलै २०२३ रोजी केंद्र शासनाने या रोगाच्या निर्मूलनासाठी २०४७ हे लक्ष्य ठेवून राष्ट्रीय मोहीम सुरू केली.

दूषित पाणी : यकृतदाहाच्या साथींचे स्वरूप विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उलगडले. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्ली येथे यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळून सु. २९,००० लोकांना कावीळ झाली. या साथीत गर्भवती स्त्रियांचे मृत्यू विशेष झाले. ती साथ ए प्रकारच्या व्हायरसाची समजली जाई. पुण्यातील शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या संशोधनातून, जपून ठेवलेल्या रक्तद्रवाच्या तपासणीवरून, ती ए किंवा बी यांपैकी कोणत्याच व्हायरसाची नव्हती असे १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. बालायान यांनी १९८३ मध्ये हा नवा व्हायरस इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पुढे त्याला ई ही संज्ञा मिळाली. गर्भारपणाच्या अखेरच्या तीन महिन्यांत हा संसर्ग झाल्यास मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते.

खानदेशात पांझरा, गिरणा यांसारख्या नद्यांचे पात्र उन्हाळ्यात आटते. नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने सोडावे लागते तेव्हा रिकाम्या नळात गटारातील पाणी फटींतून शोषले जाण्याचा धोका असतो. पहिल्या पावसात विहिरींत घाण वाहून येते. म्हणून टंचाईच्या अखेरीस व पावसाच्या आरंभी पाणी उकळून पिणे हाच व्यवहार्य प्रतिबंध होय. काविळीवर पथ्य म्हणून दिला जाणारा उसाचा रस अस्वच्छ बर्फासह घेतला, तर तोच संसर्गाचे साधन होऊ शकतो.

बी व्हायरसाचा मार्ग वेगळा आहे. रक्त, दूषित सुया, लैंगिक संबंध आणि प्रसूतीच्या वेळी मातेकडून मूल या मार्गांनी तो पसरतो. त्याच्या शोधाबद्दल ब्लुमबर्ग यांना १९७६ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्यावरील लस जन्मानंतर २४ तासांच्या आत देणे इष्ट असते.

विषारी कारणे : १९७४ मध्ये खानदेशालगतच्या गुजरातेतील पंचमहाल आणि राजस्थानातील बांसवाडा या भिल्लबहुल भागांत काविळीची साथ आली व सु. शंभर माणसे दगावली. गावातील कुत्र्यांनाही हा आजार झाल्याने तो संसर्गजन्य नसावा असा संशय आला. अवकाळी पावसात भिजून बुरशी चढलेल्या मक्यातील ॲफ्लाटॉक्सिन हे विष त्याचे कारण ठरले. साठवणीच्या काळात धान्य कोरडे राखणे हाही काविळीचा प्रतिबंध आहे, हा त्या घटनेचा धडा होय. दीर्घकाळचे मद्यपान, क्षयरोगावरील काही औषधे, पॅरासिटामॉलची अतिमात्रा आणि घटक अज्ञात असलेले काढे यांमुळेही यकृताला इजा पोहोचते.

लोकोपचार : मंत्राने कावीळ उतरविणे, गळ्यात वनस्पतीच्या काड्यांची माळ घालणे, चुन्याच्या निवळीत हात धुणे, देवडांगरीच्या रसाचे थेंब नाकात सोडणे व तापलेल्या लोखंडाने डाग देणे हे उपचार महाराष्ट्रात इतरत्र चालत तसे खानदेशातही चालत आले. काड्या सुकून गाठी सैल झाल्या की माळ लांबते. ती लांबली म्हणजे रोग उतरला असे मानतात. निवळीचा पिवळा रंग हा हाताला आधी लावलेल्या वनस्पतिरसावर चुन्याची प्रक्रिया होऊन येतो. नाकातून गळणारे पिवळे पाणी हे पित्त नसून दाह झालेल्या श्लेष्मकलेचा स्राव असतो. या उपचारांवरील श्रद्धेचे मूळ केवळ अज्ञानात शोधणे अन्यायाचे होईल. ए व ई व्हायरसांची कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते, आणि त्याचे श्रेय त्या वेळी चालू असलेल्या उपचाराला मिळते. जेथे दवाखाना दिवसभराच्या वाटेवर होता तेथे उतारा देणारा गावातच भेटत असे. हानी होते ती उरलेल्यांची. गर्भवती, नवजात अर्भक, सिकलसेलचा रुग्ण किंवा पित्तमार्गात अडथळा असलेला वृद्ध यांचा मोलाचा वेळ उताऱ्याच्या दिवसांत निघून जातो.

नवजात अर्भकाची कावीळ : पुष्कळ अर्भकांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सौम्य कावीळ होते व ती दोन आठवड्यांत ओसरते. पहिल्या २४ तासांत दिसलेली, तळपायापर्यंत पसरलेली किंवा अर्भक सुस्त होऊन दूध ओढत नसताना असलेली कावीळ मात्र धोक्याची असते. कारण पित्तारुण फार वाढल्यास मेंदूला कायमची इजा होते. इंग्लंडमधील रॉचफर्ड येथील रुग्णालयात प्रकाशामुळे पित्तारुण घटते असे आढळले व १९५८ मध्ये ते प्रसिद्ध झाले. आजचे प्रकाशोपचार त्यावरच आधारलेले आहेत. कोवळे ऊन दाखविणे हा त्याला पर्याय नाही. दोन आठवड्यांनंतरही कावीळ टिकून अर्भकाची शी पांढुरकी होत असल्यास पित्तनलिका बंद असण्याचा संभव असतो. त्यावरील शस्त्रक्रिया पहिल्या दोन महिन्यांत झाल्यास अधिक यशस्वी होते.

वैद्यकीय सल्ला : डोळे पिवळे दिसताच रक्त व लघवी यांची तपासणी करून कारण ठरविणे हाच योग्य मार्ग होय. गुंगी, असंबद्ध बोलणे किंवा झोपेचे चक्र उलटणे, सतत उलट्या, रक्तस्राव, काळी शौचास, पोट फुगणे, थंडी वाजून ताप व पोटदुखी, लघवी फार कमी किंवा काळसर होणे यांपैकी काहीही आढळल्यास आणि रुग्ण गर्भवती असल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. खाज, पांढुरका मळ व वजनातील घट यांसह वेदनेविना हळूहळू वाढणारी कावीळ उतारवयात पित्तमार्गावर दाब देणाऱ्या कर्करोगाची सूचक असू शकते. धुळे येथे १९८९ पासून व जळगाव येथे २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. परंतु पाड्यावरच्या रुग्णाचा पहिला संबंध आशा कार्यकर्ती व प्राथमिक आरोग्य केंद्र यांच्याशीच येतो. आहारातील हळद किंवा तेल पूर्ण वर्ज्य केल्याने पित्तारुण उतरत नाही. भूक असेल तसा नेहमीचा हलका आहार, पुरेसे पाणी व मद्यवर्जन एवढे पथ्य बहुधा पुरते.

एका पिवळ्या रंगामागची कारणे वेगळी करता येणे, हे गेल्या दीडशे वर्षांतील वैद्यकाचे या विषयातील मुख्य कार्य होय. त्याचा लाभ खानदेशातील रुग्णाला किती मिळतो, हे डोळे पिवळे झाल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत तो कोणाकडे पोहोचतो यावर अवलंबून राहते.