डमी लोडची निवड : वॅट, वेळ आणि वारंवारता

हौशी रेडिओच्या छंदात प्रेषकाची चाचणी घेताना अँटेनाऐवजी जे साधन जोडले जाते, त्यास डमी लोड म्हणतात. प्रेषकाकडून येणारी रेडिओ ऊर्जा आकाशात न सोडता तिचे उष्णतेत रूपांतर करणे, हे त्याचे कार्य. अँटेना जोडून दुरुस्ती किंवा जुळवणी केल्यास त्या वारंवारतेवरील इतरांच्या संभाषणात, प्रसंगी आपत्कालीन संदेशवहनातही, व्यत्यय येतो. काहीच न जोडता प्रेषण केल्यास शक्ती परावर्तित होऊन प्रेषकाच्या अंतिम टप्प्यातील ट्रान्झिस्टर निकामी होण्याचा संभव असतो. ही दोन्ही संकटे डमी लोड टाळतो. मात्र त्याची निवड चुकल्यास मोजमापच खोटे ठरते.

रोध : बहुतेक हौशी संचांचे निर्गम ५० ओहमसाठी रचलेले असते, म्हणून लोडही ५० ओहमचाच हवा. लोड ६० ओहमचा असल्यास एसडब्ल्यूआर १.२ आणि ७५ ओहमचा असल्यास १.५ दिसतो. मल्टीमीटरने रोध तपासणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. तारेची वेटोळी असलेला रेझिस्टर मल्टीमीटरवर अचूक ५० ओहम दाखवील. रेडिओ वारंवारतेला मात्र तो कॉइलप्रमाणे वागतो. म्हणून रेझिस्टर प्रवर्तनरहित असणे ही पहिली अट होय.

शक्ती आणि वेळ : लोडवर छापलेला वॅटचा आकडा पुष्कळदा काही सेकंदांपुरताच लागू असतो. अखंड वापराची मर्यादा त्याहून बरीच कमी असू शकते. १०० वॅटचे अखंड प्रेषण पाच मिनिटे चालल्यास ३०,००० ज्यूल उष्णता निर्माण होते. तेवढ्या उष्णतेने एक लिटर पाणी सुमारे ७ अंश सेल्सिअसने तापते. हीच उष्णता बोटाएवढ्या रेझिस्टरमध्ये कोंडली गेल्यास तो जळेल किंवा त्याचा रोध कायमचा बदलेल. एसएसबीवरील बोलण्यात सरासरी शक्ती कमी असते. एफएम आणि अनेक डिजिटल पद्धतींत ती प्रेषणभर पूर्ण असते. यास्तव आपण कोणत्या पद्धतीने आणि किती वेळ चाचणी घेणार, हे आधी ठरवावे आणि उत्पादकाने दिलेला वॅट व वेळेचा आलेख पाहावा.

वारंवारता : ७ मेगाहर्ट्झवर निर्दोष ठरलेला लोड १४५ मेगाहर्ट्झवर निरुपयोगी असू शकतो, कारण तेथे रेझिस्टरच्या पायांची लांबीही परिणाम करते. एचएफसाठी पीएल-२५९ जोडणी चालते. व्हीएचएफ आणि विशेषतः यूएचएफसाठी एन प्रकारची जोडणी इष्ट. सागरी हवेत जोडण्या गंजतात, तेव्हा त्या अधूनमधून तपासाव्यात.

घरगुती बांधणी : १ किलो-ओहमचे, २ वॅटचे २० कार्बन किंवा मेटल ऑक्साइड रेझिस्टर समांतर जोडल्यास ५० ओहमचा, ४० वॅटचा लोड तयार होतो. पाय शक्य तितके आखूड ठेवल्यास एचएफसाठी तो उत्तम चालतो. अधिक शक्तीसाठी रेझिस्टर तेलात बुडविण्याची पद्धत आहे. अमेरिकेतील हीथकिट कंपनीचा ‘कँटेना’ याच तत्त्वावरचा. मात्र जुन्या ट्रान्सफॉर्मर तेलात पीसीबी हे विषारी रसायन असू शकते, म्हणून असे तेल वापरू नये. काही उच्चशक्ती रेझिस्टरांत बेरिलियम ऑक्साइड असते. त्याची धूळ फुप्फुसांस घातक असल्याने ते फोडू वा घासू नयेत.

मोजमाप : ५० ओहमच्या लोडवरील शिखर व्होल्टेजचा वर्ग करून त्यास १०० ने भागल्यास वॅट मिळतात. शिखर १०० व्होल्ट असल्यास शक्ती १०० वॅट. ऑसिलोस्कोपचा प्रोब त्या वारंवारतेला तेवढे व्होल्टेज सोसतो की नाही, हे आधी पाहावे. काही लोडांत ४० डेसिबल क्षीण केलेले निर्गम असते. तेथे १०० वॅटचे केवळ १० मिलिवॅट उरतात.

डमी लोडवर एसडब्ल्यूआर उत्तम आला, म्हणून अँटेना निर्दोष ठरत नाही. तेथे संच नीट चालला आणि अँटेनावर बिघडला, तर दोष केबलमध्ये वा अँटेनात शोधावा, एवढेच त्यावरून कळते. दोषाची जागा निश्चित करणारे हे ज्ञानच अनेकदा अंतिम टप्प्यातील ट्रान्झिस्टर वाचविते.