मॉनिटरला कळफलक व माउस जोडणे

मॉनिटरला कळफलक व माउस जोडणे म्हणजे ही उपकरणे थेट संगणकात न लावता मॉनिटरमध्ये बसवलेल्या यूएसबी हबमार्फत संगणकाला जोडणे होय. सर्वसाधारण मॉनिटर कळफलकाच्या संदेशांवर स्वतः प्रक्रिया करत नाही. त्यातील हब ते संदेश संगणकाकडे पोहोचवतो. म्हणून मॉनिटर व संगणक यांच्यात यूएसबी जोडणी असणे आवश्यक ठरते. स्वतःची कार्यप्रणाली असलेले स्मार्ट मॉनिटर याला अपवाद आहेत.

इतिहास

१९८८ मध्ये सादर झालेल्या नेक्स्ट संगणकात माउस कळफलकाला, कळफलक मॉनिटरला आणि मॉनिटर एका केबलने संगणकाला जोडला जात असे. यूएसबी मानकाची पहिली आवृत्ती १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. २००० मध्ये ॲपलने आणलेल्या जोडणीत चित्र, यूएसबी आणि वीज एकाच केबलमधून जात असे. यूएसबी टाइप-सी मानक २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले.

रचना

हबमध्ये दोन प्रकारचे पोर्ट असतात. संगणकाकडे जाणारा अपस्ट्रीम पोर्ट बहुधा चौकोनी टाइप-बी किंवा टाइप-सी प्रकारचा असतो. कळफलक, माउस इत्यादींसाठीचे डाउनस्ट्रीम पोर्ट बहुधा टाइप-ए प्रकारचे असतात.

जोडणीच्या पद्धती

* दोन केबलींची जोडणी: एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट केबल चित्र व ध्वनी वाहून नेते, परंतु कळफलकाचे यूएसबी संदेश नेत नाही. त्यामुळे अपस्ट्रीम पोर्टपासून संगणकापर्यंत यूएसबीची दुसरी केबल लावावी लागते.
* एका केबलची जोडणी: संगणक, मॉनिटर व केबल या तिन्हींमध्ये सोय असल्यास टाइप-सी केबलमधून चित्र आणि यूएसबी संदेश एकत्र जातात. केबलमधील चारही वेगवान मार्गिका चित्रासाठी वापरल्या गेल्यास यूएसबी २.०चा सेकंदाला ४८० मेगाबिट वेग उरतो. कळफलक व माउस यांना तो पुरेसा असतो.
* केव्हीएम: काही मॉनिटरांमध्ये अंतर्गत केव्हीएम स्विच असतो. त्यामुळे एकच कळफलक व माउस दोन संगणकांसाठी आळीपाळीने वापरता येतात. प्रत्येक संगणकाची स्वतंत्र यूएसबी जोडणी मात्र लागते.

सामान्य अडचणी

चित्र दिसते, पण कळफलक चालत नाही, याचे नेहमीचे कारण अपस्ट्रीम केबल न लावणे हे असते. यात मॉनिटर किंवा कळफलक बिघडलेला नसतो. काही मॉनिटरांवरील यूएसबी पोर्ट केवळ दुरुस्ती-देखभालीसाठी किंवा चार्जिंगसाठी असतो. त्यातून उपकरणे जोडता येत नाहीत. दिसायला सारख्या असलेल्या सर्वच टाइप-सी केबली चित्र वाहून नेत नाहीत. काही मॉनिटर निष्क्रिय अवस्थेत हबचा वीजपुरवठा बंद करतात, त्यामुळे कळ दाबूनही संगणक जागा होत नाही. अनेकदा ही सोय मॉनिटरच्या मेनूमधून बदलता येते. २.४ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या बिनतारी माउसच्या रिसीव्हरला शेजारच्या यूएसबी ३.० उपकरणाचा व्यत्यय येऊ शकतो. अशा वेळी रिसीव्हर दूरच्या पोर्टमध्ये लावणे उपयुक्त ठरते.